घोंगडीमागचे थोरले

फार पूर्वीची गोष्ट, नकाशे कापडावर काढायचे त्या काळची. एका सपाट मुलखाच्या राज्यात एक राजदूत होता. तसे दूत बरेच होते, पण हा सगळ्यांत मोठा, आणि आपण सगळ्यांत मोठे आहोत हे कुणाला विसरू न देणारा.

या मुलखाच्या उत्तरेला मोठा डोंगर होता. नदी उगम पावायची डोंगरात आणि वाहायची या मुलखातून. डोंगरातल्या लोकांनी वरच्या अंगाला दगडी बांध घातला होता. पावसाळ्यात ते पाणी अडवत, आणि चैत्रात खालच्या विहिरी तळाला गेल्या की बांधाची दारं उघडत. त्या बदल्यात सपाट मुलुख त्यांना मीठ पाठवी, कारण डोंगरात सगळं होतं, मीठ तेवढं नव्हतं. पाणी खाली, मीठ वर, असा साधा करार. मात्र तो दर फाल्गुनात नव्याने बोलून ठरवावा लागे, आणि तो ठरवायला छत्तीस वर्षं हा एकच माणूस डोंगर चढत होता.

डोंगरातल्या लोकांची रीत मोठी विलक्षण होती. त्यांच्या राजाला ते 'थोरले' म्हणत. थोरले परक्याला तोंड दाखवत नसत. एका रुंद गुहेत काळी घोंगडी टांगलेली असे. थोरले तिच्यामागे बसत आणि रानरेड्याच्या पोकळ शिंगातून बोलत. शिंगातून आलेला आवाज बाईचा की पुरुषाचा, तरण्याचा की म्हाताऱ्याचा, काही कळत नसे. "शब्द ऐकावा, तोंड बघू नये," असं ते लोक म्हणत. लिहिणं त्यांना ठाऊक नव्हतं. वचन दिलं की लोकरीच्या दोरीला एक गाठ मारून हातात देत, आणि अशी गाठ मोडल्याचं कुणाच्याच ऐकिवात नव्हतं.

राजदूत पहिल्यांदा वर गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. गुहेच्या तोंडाशी शेवाळावरून त्याचा पाय घसरला, मिठाची पिशवी फुटली आणि नमुन्याचं सगळं मीठ जमिनीवर. त्याला वाटलं, संपलं आता. घोंगडीमागून आवाज आला, "सांडलेलं मीठ पापण्यांनी वेचावं लागतं म्हणतात ना तुमच्याकडं? वेच मग. आम्ही थांबतो." आणि मागून मोठ्याने हसणं. त्या दिवसापासून त्यांची मैत्री जमली. पुढे दरवर्षी थोरले विचारत, "काय रे, पापण्या शाबूत आहेत ना?" आणि राजदूत म्हणे, "अजून अर्धी पिशवी वेचायची राहिलीय, थोरले." मग दोघं हसत, आणि मगच पाण्याचं बोलणं निघे.

हे सगळं राजदूताच्या डोक्यात होतं आणि डोक्यातच राहिलं. कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, कुठल्या शब्दाला डोंगर दुखावतो, कुठल्या गोष्टीवर हसतो, यातलं त्याने कुणाला काही सांगितलं नाही. अकरा वर्षं त्याच्या हाताखाली वेणू नावाची दुय्यम दूत होती. चाळिशीची, शांत, कामाला वाघ. पण दरवर्षी राजदूत तिला शेवटच्या टप्प्यावरच्या धर्मशाळेत मिठाची पोती राखायला बसवी आणि एकटाच पुढे जाई. किल्ली एकाच्याच कमरेला असलेली बरी, असं त्याचं म्हणणं.

आणि अशात राजदूताची साठी जवळ आली.

साठी म्हणजे त्या राज्यात गंमत नव्हती. राजाच्या पणजोबांच्या काळी एक ब्याऐंशी वर्षांचा दूत ऐन बोलण्यात डुलक्या घेऊ लागला. समोरच्यांना वाटलं, मान डोलावतोय, म्हणजे कबूल आहे. तीन गावं गेली. तेव्हापासून नियम झाला, की साठ भरली त्या दिवशी दरबारातल्या प्रत्येकाने आपली मुद्रा राजापुढे ठेवायची आणि घरी जायचं. त्यात कुणाला सवलत नव्हती.

राजदूत राजाकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "महाराज, मला एक सवलत हवी. नियम चांगला आहे, पण माझ्यासाठी नाही."

राजा तिशीतला. याच राजदूताच्या मांडीवर बसून तो राज्यांची नावं शिकला होता. तो म्हणाला, "काका, सेनापती साठीला उतरले. कोठारावरचे उतरले. मुदपाकखान्यातले आचारी उतरले, आणि तेव्हापासून तसं वरण मला आजवर मिळालेलं नाही. तरी मी त्यांना सवलत दिली का?"

"वरणाची गोष्ट वेगळी आणि पाण्याची वेगळी, महाराज. थोरले माझ्याशी बोलतात, राज्याशी नाही. उद्या तिथे दुसरं कुणी जाऊन बसलं आणि डोंगर गप्प झाला, तर चैत्रात गुरं काय पिणार?"

राजालाही भीती होती, आणि ती खोटी नव्हती.

शेवटी तो म्हणाला, "यंदाचं बोलणं तुमचंच आहे. साठी भरायला अजून महिना आहे. वर जा आणि थोरल्यांनाच विचारा. तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाशी आम्ही बोलणार नाही, असं ते म्हणाले आणि तशी गाठ मारून दिली, तर मी पणजोबांचा नियम मोडीन. माणसं तहानेने मेल्यावर नियम पाळायचा कुणी? पण माझी एक अट आहे. वेणूला या वेळी गुहेपर्यंत न्यायचं."

राजदूताने अट मान्य केली. गाठ मिळणार याची त्याला खात्रीच होती.

तीन दिवसांची चढण. दुसऱ्या दिवशी वेणूने विचारलं, "अण्णा, थोरल्यांशी बोलायला सुरुवात कशी करायची असते?"

"ते कळायला छत्तीस वर्षं लागतात."

"मग अकरा वर्षांपुरतं तरी सांगा."

राजदूताने न ऐकल्यासारखं केलं आणि पावलं जलद टाकली. ही कानामागून येऊन तिखट होणार, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. खरं सांगायचं तर त्याच्या मनात भीतीच होती. घरी बायको नव्हती, ती वीस वर्षांपूर्वी गेली. मुलगी लांब दिलेली. मुद्रा ठेवून घरी गेलो तर दार उघडायला कोण, आणि उघडलं तरी आत जाणारा हा माणूस कोण, हेच त्याला समजत नव्हतं. राजदूत नसलेला तो कसा असतो, हे त्याने चोवीस वर्षांचा असल्यापासून पाहिलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते गुहेशी पोचले. वेणू उंबऱ्यापाशी बसली. राजदूत आत घोंगडीसमोर बसला. हुलग्याचं गरम कढण आलं, त्याला आवडतं तसं, मिरी जास्त आणि लसूण अजिबात नाही.

शिंगातून आवाज आला, "काय रे, पापण्या शाबूत आहेत ना?"

"अजून अर्धी पिशवी राहिलीय, थोरले."

हसणं झालं. मग पाण्याचं बोलणं झालं, मिठाचं झालं. पाडव्याला दारं उघडायची, चौथ्या दिवशी पाणी खाली पोचायचं, नेहमीप्रमाणे. दोरीला गाठ पडली. मग राजदूताने कढणाचा वाडगा खाली ठेवला.

"थोरले, यंदा मला अजून एक गाठ हवी आहे." त्याने सगळं सांगितलं, साठी, नियम, राजाची अट. "तुम्ही एवढंच म्हणा, की आमचं बोलणं फक्त याच्याशी. दुसऱ्याशी नाही."

शिंगातून उलटा प्रश्न आला.

"किती वर्षं बोलतोस तू आमच्याशी?"

"छत्तीस."

"कुणाशी?"

राजदूताला प्रश्न कळला नाही. "कुणाशी म्हणजे? तुमच्याशी, थोरले."

आणि मग छत्तीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. आतून एक हात आला आणि त्याने घोंगडी बाजूला सारली.

मागे जेमतेम पन्नाशीचा एक माणूस बसला होता. बसकं नाक, हातावर मेंढी कातरताना झालेल्या जुन्या जखमा. म्हणजे राजदूत पहिल्यांदा वर आला तेव्हा हा चौदा-पंधरा वर्षांचा असेल. राजदूताच्या पायाखालची जमीन सरकली.

"मी चौथा," तो माणूस म्हणाला. "आमच्याकडं थोरलेपण नऊ पावसाळ्यांचं. मग उठायचं. तू पहिल्यांदा आलास तेव्हा पहिले नवेच बसले होते. मग दुसरे, मग तिसरे. माझं हे नववं."

"पण ते मीठ... ते पापण्यांचं?"

"ते मला सांगितलंय."

"माझं कढण? त्यात लसूण नको ते?"

"सांगितलंय. जाणारा येणाऱ्यापाशी एक अख्खा हिवाळा बसतो. सगळं सांगतो. तू कशावर हसतोस, कशानं गप्प होतोस, कुठल्या साली तुझा आवाज उतरला होता. यातलं काही राहून गेलं तर सांगणाऱ्याला उठताच येत नाही."

राजदूताने थोरल्यांना जीव लावला होता. आज कळत होतं, की तो जीव चार माणसांनी हातोहात सांभाळला होता, आणि त्याला एकदाही तडा जाऊ दिला नव्हता.

"मला कधी सांगितलं का नाही?"

"तू कधी विचारलं नाहीस रे. थोरले कसे आहेत, विचारलंस. थोरले कोण आहेत, कधी विचारलं नाहीस." चौथा हसला. मग त्याने मांडीवरची लोकरीची दोरी उचलली. "तू आमचा सोयरा आहेस. गाठ मागितलीस तर देईन, नाही म्हणणार नाही. पण आधी खाली वाडीवर जा, माझ्या आधीच्या थोरल्यांना भेटून ये. मग म्हणशील तसं करू."

राजदूत वाडीवर गेला. सगळ्यांत पहिले थोरले एका सपाट दगडावर उन्हाला बसले होते. वय नव्वदीला टेकलेलं, डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, मांडीवर एक नुकतं जन्मलेलं कोकरू. राजदूत खाली बसला, म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "थोरले, पापण्या शाबूत आहेत माझ्या."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे तोंड वळवलं. "कसल्या पापण्या, बाबा? कोण तू?"

शेजारची एक बाई म्हणाली, "त्यांना आता काही आठवत नाही. पोरांची नावंसुद्धा गेली."

ज्या माणसाच्या तोंडून तो विनोद पहिल्यांदा निघाला, त्याच्या मनातून तो पार पुसला गेला होता. आणि वर गुहेत, त्या दिवशी तिथे हजर नसलेल्या माणसाने तासाभरापूर्वी तो तसाच्या तसा, त्याच खोडकर सुरात सांगितला होता. म्हातारा विसरला, डोंगर विसरला नाही. राजदूताने मोठमोठे किल्ले पाहिले होते, शंभर हत्ती एका रांगेत पाहिले होते. पण एवढी मोठी गोष्ट त्याने आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती दिसत होती कशी, तर कोकरू कुरवाळत बसलेल्या म्हाताऱ्यासारखी.

ती शेजारची बाई सत्तरीची होती. चातीवर लोकर कातत होती. तिने सूत थांबवलं.

"मी दुसरी," ती म्हणाली. "तुझी बायको गेली त्या फाल्गुनात मीच होते तिथं."

राजदूताला ती दुपार आठवली. तो पाण्याचं बोलायला बसला आणि तोंडातून शब्द निघेना. घोंगडीमागूनही कुणी बोललं नाही. उन्हाचा पट्टा गुहेच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेला, तरी नाही. मग शिंगातून एवढंच आलं होतं, "तिच्या हातचं काय आवडायचं तुला?" आणि तो संध्याकाळपर्यंत बोलत राहिला होता, तिच्या हातच्या शेंगोळ्यांबद्दल, तिच्या रागाबद्दल, तिच्या शेवटच्या तापाबद्दल. करार दुसऱ्या दिवशी चार वाक्यांत झाला. खाली आल्यावर त्याने हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"ते मी तिसऱ्याला सांगितलं तेव्हा तो रडला," बाई म्हणाली. "त्यानं चौथ्याला सांगितलं. आता पाचव्यालाही सांगतील. तुझ्या बायकोला इथं सगळे ओळखतात."

राजदूताने वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांत त्याने राजांखेरीज कुणापुढे मान वाकवली नव्हती.

तिसरे थोरले वाडीवर नव्हते. बाईने बोटाने लांब दाखवलं. बांधाच्या भिंतीवर एक ठेंगणी आकृती दगड उचलून बसवत होती. एवढ्या लांबून तोंड दिसलं नाही. राजदूताने तिकडे बघून हात जोडले आणि तो परत वर निघाला.

वाटेत त्याच्या एकदम ध्यानात आलं. छत्तीस वर्षांपूर्वी गुहेशी त्याचा पाय घसरला होता. मागच्या वर्षी घसरला असता तर? कड्यावरून गेला असता तर? त्याच्याबरोबर सगळं गेलं असतं. वेणू तीन मैलांवर पोती राखत बसली असती आणि तिला थोरल्यांपुढे 'नमस्कार' कसा करायचा हेही माहीत नसतं. माझ्यावाचून अडेल, असं तो राजाला छातीवर हात ठेवून सांगत होता. अडलं असतं खरंच. अडावं अशी व्यवस्था त्यानेच तर करून ठेवली होती. याची त्याला इतकी लाज वाटली, की गुहेच्या तोंडाशी तो थोडा वेळ उभाच राहिला.

चौथा तसाच बसला होता. दोरी मांडीवर. "काय मग? बांधू?"

"पुढल्या फाल्गुनात तुम्ही नसाल," राजदूत म्हणाला.

"नसेन. नवा बसेल. तिकडून तुमची नवी आली, तर इथं नवा आणि तिथं नवी."

"मग तर मी हवाच! निदान एक वर्ष. एका बाजूला तरी जुनं माणूस नको का?" हे बोलताना त्याला किती बरं वाटलं! कारण अगदी चोख मिळालं होतं. राजाला पटलं असतं, गावाला पटलं असतं, त्याला स्वतःलाही जवळजवळ पटलं होतं.

चौथ्याने दोरीचं टोक बोटावर गुंडाळलं आणि थांबला. एकदा गाठ मारली की मारली.

राजदूत त्या दोरीकडे बघत होता. त्याला ती हवी होती. खोटं कशाला, त्या क्षणी जगात त्याला दुसरं काहीच नको होतं.

"तुमच्यातले खाली गेल्यावर करतात काय?" त्याने हळूच विचारलं.

"मेंढरं. लोकर. बांधाचे दगड. आणि झोपतात! नऊ वर्षं तुमच्या मिठाच्या काळजीनं डोळ्याला डोळा नसतो."

राजदूताला हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरले. त्याने डोळे पुसले आणि उंबऱ्याकडे वळून हाक मारली, "वेणू, आत ये."

मग तो चौथ्याला म्हणाला, "गाठ नको. घोंगडी पुन्हा सोडा. मला चार दिवस इथे बसू द्या. मला हिला सांगायचंय. हिवाळा नाही माझ्यापाशी, पण सुरुवात तरी तुमच्यासमोर होऊ दे. कुठे चुकलो तर तुम्ही सांगा."

आणि तो सांगायला बसला. सांडलेल्या मिठापासून सुरुवात केली. चांगलं चांगलं सांगून झालं तेव्हा तो अडखळला. सगळं सांगायचं म्हणजे सगळंच. "सातव्या वर्षी," तो मान खाली घालून म्हणाला, "आपण पाठवलेल्या मिठात वाळू होती. मला ते खालीच कळलं होतं. मी गप्प बसलो. यांच्या तोंडावर सांगितलं, की मीठ पहिल्या प्रतीचं आहे."

वेणू घोंगडीकडे बघायला लागली.

शिंगातून आवाज आला, "माहीत आहे. पुढं सांग."

एकोणतीस वर्षं त्यांना माहीत होतं! वाळू माहीत होती, खोटं माहीत होतं, आणि तरी दर फाल्गुनात कढण गरम होतं.

खाली आल्यावर तो थेट दरबारात गेला.

"गाठ?" राजाने विचारलं.

"पाण्याची आणली. माझी नाही आणली."

"नाही म्हणाले?"

"देत होते, महाराज." आणि साठी भरायला तेरा दिवस बाकी असताना त्याने मुद्रा काढून राजापुढे ठेवली. राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला. त्याने काकांना नमस्कार केला.

पुढचं वर्षभर राजदूत, म्हणजे आता नुसते अण्णा, रोज सकाळी वेणूच्या घरी जात. आठवेल तसं सांगत. कधी ती विचारी, कधी ती हसे, कधी म्हणे, "अण्णा, इथे तुमचं चुकलंच." आधी आधी त्यांना राग येई. मग येईनासा झाला.

फाल्गुन आला. वेणू एकटी वर गेली. वर पाचवे थोरले बसले होते. दोघांनी एकमेकांचा आवाजही कधी ऐकलेला नव्हता, दोघांच्या पाठीशी मात्र छत्तीस वर्षांचं बोलणं होतं.

पाडवा झाला. पाणी चौथ्या दिवशी यायचं. चौथा दिवस कोरडा गेला. पाचव्या दिवशी सकाळी दरबारातले दोघे-तिघे अण्णांच्या दारात आले. "आम्ही म्हणत नव्हतो? डोंगर रुसला. वेणूबाईंचाही पत्ता नाही. आता तुम्हीच चला, घोडी तयार आहेत."

अण्णांनी वहाणा पायात घातल्यासुद्धा. हृदय धडधडत होतं, आणि त्या धडधडीत थोडासा आनंद होता, हे त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं. ते उंबऱ्यात थांबले.

"वेणू आहे तिथे," ते म्हणाले. "मला तिथे काम नाही." आणि घोड्याकडे न जाता ते चालत नदीवर गेले.

नदीच्या कोरड्या पात्रात कलिंगडांच्या वाड्या होत्या. वाळूत वेल लावून लोक चैत्रापर्यंत पीक घेत. तिथे सगळे घाईने, पण मजेत, फळं तोडून काठावर रचत होते. एका बाईला अण्णांनी विचारलं, "पाणी आलं नाही, तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"उद्या सकाळी येणार आहे की, आजोबा. निरोप आलाय. दूतबाई पात्रातनंच खाली येतायत, एकेक वाडी सांगत. दरसाल शेवटची तोड पाण्यात जायची बघा आमची. या बाईंनी दोन दिवस मागून घेतले म्हणे. वरच्यांना काय, दोन दिवसांनी काही फरक पडत नव्हता. कुणी मागितलेच नव्हते."

अण्णा काठावर बसले. छत्तीस वर्षं त्यांनी पाणी आणलं होतं आणि त्या पाण्याखाली दरवर्षी काय वाहून जातं, हे त्यांना माहीत नव्हतं. वेणूला माहीत होतं, आणि तिने मागितलं, आणि डोंगराने दिलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या सुमाराला ते पुन्हा काठावर होते. आधी वरच्या वळणावरून टिटव्या ओरडत उडाल्या. मग वाळूचा रंग पालटला. पांढरी वाळू पुढे पुढे काळी होत आली, तिच्यामागून फेसाची एक बारीक रेघ, काटक्या आणि पाचोळा ढकलत, खड्डे भरत, थांबत, पुन्हा निघत. आवाज असा काहीच नव्हता, नुसती सळसळ. आणि मग सगळी रुंद नदी एकदम आली. गुरं पाण्याकडे धावली. बायकांनी घागरी कडेवर घेतल्या. अण्णा उभे राहिले. पाणी ठरवून परतायचे तेव्हा ते दरबारात हारतुरे घेत असायचे, त्यामुळे पाणी येताना कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"आजोबा, मागं सरका, पाय भिजतील," ती कलिंगडवाली बाई म्हणाली. अण्णा सरकले नाहीत. त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते.

"दरसाल येतं हो," ती हसून म्हणाली. "एवढं काय बघताय?"

"मी पहिल्यांदाच बघतोय, बाई."

"कुठल्या गावचे तुम्ही?"

"इथलाच," अण्णा म्हणाले आणि पाणी घोट्यापर्यंत चढू दिलं.

तात्पर्य एवढंच: उठायची वेळ झाली की मुदत वाढवून मागू नये, जे ठाऊक आहे ते मागून येणाऱ्याला सांगून टाकावं. सांगितलेलं पुढे वाहत राहतं, आणि कधीकधी आपल्याला जमलं नाही तेही करून दाखवतं.